लेकरं पळवणाऱ्या टोळीची अफवा : संशय दरवेळी भटक्यांवरच का जातो?

राईनपाड्यापासून नागपूरपर्यंत, अफवा प्रत्येक वेळी नवी असते. संशयितांची यादी मात्र दीडशे वर्षं जुनी आहे. ‘मॉरल पॅनिक’ म्हणजे काय आणि त्याचा जात, वंश आणि न्यायाशी काय संबंध, समजून घेऊया.

वरूड (जि. अमरावती) : दिवाळी झाली की वरूड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड वेग धरते. मेळघाटातून आणि सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रदेशातून मजूर येतात. परप्रांतातले व्यापारी बगीचे बघत फिरतात. दूरच्या नंबरप्लेटचे ट्रक रस्त्याच्या कडेला उभे दिसतात. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पालं पडतात. कुणी नाथजोगी, कुणी गोसावी, कुणी बहुरूपी. सकाळी भिक्षा मागायची, चार-आठ दिवसांनी पुढच्या गावाला निघायचं.

वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. त्यात नवीन आहे ती एकच गोष्ट, खिशातला फोन. एखाद्या संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो : ‘सावधान, आपल्या भागात लेकरं पळवणारी टोळी फिरत आहे, जास्तीत जास्त शेअर करा.’ सोबत एखादी अंधुक क्लिप किंवा साधूच्या वेशातल्या माणसांचा फोटो.

हा मेसेज वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? संत्र्याचा व्यापारी? ट्रकचा ड्रायव्हर? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो पालातला माणूस. हे आपोआप घडत नाही. त्यामागे इतिहास आहे, कायदा आहे आणि अनेक माणसांचे जीव गेलेले आहेत.

राईनपाड्यात काय घडलं होतं?

तारीख १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही लोक पिंपळनेरला पाल टाकून राहत होते. त्यांच्यातले पाच जण भिक्षा मागण्यासाठी राईनपाड्यात आले.

मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या भागात आधीच पसरले होते. पाचपैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असं तेव्हा सांगितलं गेलं. तेवढं पुरलं. जमावाने पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेही मारलं. आधी पोहोचलेले पोलीसही जमावापुढे हतबल ठरले. पाचही जणांचा मृत्यू झाला. त्यांनी कोणतंही मूल पळवलेलं नव्हतं.

पुढे अटका झाल्या, सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली, खटल्यासाठी विशेष सरकारी वकील देण्याची घोषणा झाली.

एक गोष्ट मात्र बातम्यांत मागे पडली. साक्रीचा हा पट्टा आदिवासीबहुल आणि गरीब आहे. मारणारे धनदांडगे नव्हते. ज्यांच्याकडे फारसं काही नाही अशांनी, ज्यांच्याकडे त्याहूनही कमी आहे अशांना मारलं. धास्ती नेहमी अशीच उतरंडीवरून खाली सरकते आणि सर्वांत कमी आधार असलेल्या माणसावर जाऊन आदळते.

ती क्लिप नेमकी कुठली होती?

त्या काळात देशभर फिरलेल्या क्लिपमधली एक सर्वांत गाजली. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलांजवळ येतात, एकाला उचलतात आणि पसार होतात. लाखो लोकांनी ती खरी घटना समजून पुढे पाठवली.

ती क्लिप भारतातली नव्हतीच. पाकिस्तानात कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या क्लिपमधून नेमका हा शेवट कापलेला होता.

म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली फिल्म, शेवटचे काही सेकंद कापले आणि माणसं मारण्याचं निमित्त ठरली. मे २०१७ मध्ये झारखंडमध्ये आणि जून २०१८ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये अशाच अफवांतून माणसं मारली गेली. जून २०१८ मध्येच त्रिपुरात तर कहर झाला. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं लाउडस्पीकरवरून सांगण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार केलं.

मग ‘मॉरल पॅनिक’ म्हणजे काय?

समाजशास्त्रात या प्रकाराला ‘मॉरल पॅनिक’ म्हणतात. सोप्या भाषेत, आपल्या जगण्याची घडीच कुणीतरी मोडायला निघालं आहे, अशी समाजाला एकाच वेळी वाटू लागलेली धास्ती. धोका काल्पनिकच असतो असं नाही. पण धोका आणि प्रतिक्रिया यांचं माप जुळत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांच्या १९७२ सालच्या पुस्तकामुळे ही संकल्पना रूढ झाली. १९६४ च्या ईस्टरमध्ये इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकिनाऱ्याच्या गावी तरुणांच्या टोळक्यांत हाणामारी झाली. नुकसान मामुली होतं, पण वर्तमानपत्रांनी गावावर हल्ला झाल्यासारखं चित्र उभं केलं. पोलीस कडक झाले, न्यायालयं कडक झाली. ‘ही पोरं म्हणजे देशाला लागलेली कीड’ ही प्रतिमा घट्ट झाली.

कोहेन यांनी या प्रक्रियेचे टप्पे दाखवले. आधी एखादी घटना किंवा अफवा येते. मग माध्यमं ती फुगवतात. त्यानंतर एका गटावर बोट ठेवलं जातं. या गटाला कोहेन ‘फोक डेव्हिल’ म्हणतात, म्हणजे लोकांनी मिळून उभा केलेला राक्षस. मग ‘काहीतरी करा’ असा दबाव वाढतो आणि शेवटी कारवाई होते. काही दिवसांनी सगळं विसरलं जातं. पण त्या गटावरचा डाग राहतो आणि पुढच्या वेळी तोच डाग पुरावा म्हणून वापरला जातो.

यात वंशाचा मुद्दा कुठून आला?

राक्षस म्हणून कुणाची निवड होते, या प्रश्नातून. ती निवड चिठ्ठ्या टाकून होत नाही.

१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मगिंग’ म्हणजे रस्त्यावरच्या लूटमारीची मोठी धास्ती पसरली. लूटमार जुनीच होती, अमेरिकेतून आलेला शब्द तेवढा नवा होता. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या एका लूटमारीच्या प्रकरणात १९७३ मध्ये १६ वर्षांच्या मुलाला तब्बल २० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. जमैकात जन्मलेले अभ्यासक स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा अभ्यास करून १९७८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं.

त्यांचं म्हणणं असं : देशात महागाई, संप, बेकारी होती. लोक अस्वस्थ होते. त्या अस्वस्थतेला एक चेहरा हवा होता आणि तो कृष्णवर्णीय तरुणाच्या रूपाने मिळाला. गुन्ह्याची भीती आणि वंशाबद्दलचा पूर्वग्रह एकमेकांत इतके मिसळले, की ‘मगर’ म्हटलं की काळा तरुणच डोळ्यांपुढे यावा.

अमेरिकेतलं उदाहरणही बोलकं आहे. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका महिलेवर भीषण हल्ला झाला. १४ ते १६ वयाची पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पकडली गेली. माध्यमांनी त्यांना झुंडीतली जनावरं ठरवलं, न्यायालयाने दोषी ठरवलं. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळला आणि पाचही जणांचे दोषारोप रद्द झाले. तोवर त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती. २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहराने ४.१ कोटी डॉलर देऊन त्यांचा दावा मिटवला.

आपल्याकडे कातडीच्या रंगाची जागा जात, वेश आणि फिरता धंदा घेतात. सूत्र मात्र तेच आहे.

आपल्याकडे संशयितांची यादी कुणी बनवली?

शब्दशः बनवली गेली, आणि तीही कायद्याने. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट’ म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा आणला. एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. गुन्हा करण्याची गरज नव्हती, त्या जमातीत जन्म घेतला की पुरे.

कायदा कसा चालायचा? जमातीतल्या लोकांची नोंदवही ठेवायची, ठरलेल्या वेळी हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. १९११ आणि १९२४ मध्ये कायदा आणखी विस्तारला गेला. अनेक ठिकाणी या जमातींना वसाहतींत कोंडलं गेलं. सोलापुरातला ‘सेटलमेंट’ नावाचा भाग ही त्याचीच खूण आहे.

या कायद्यातली एक तरतूद आज मुद्दाम आठवावी अशी आहे. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींमधल्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आई-वडिलांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय सरकारला करून दिली. म्हणजे लेकरं उचलून नेण्याची व्यवस्था खरोखर होती. ती सरकारची होती आणि लेकरं या भटक्यांचीच होती.

स्वातंत्र्याच्या वेळी या यादीत देशभरातल्या शंभराहून अधिक जमाती होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, या लोकांना आणखी पाच वर्षं थांबावं लागलं.

कायदा गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. कागदावर ते व्यक्तीसाठी होते, नजर मात्र त्याच जमातींवर राहिली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करून विमुक्तांचं पुनर्वसन करण्याची शिफारस केली. जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारताची भूमिका राहिली आहे. तो वाद बाजूला ठेवला, तरी जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा हा प्रकार वंशभेदाच्या चौकटीत तपासला जातो, हे लक्षात घ्यायला हवं.

राईनपाड्यात मारले गेलेले डवरी गोसावी हे भटके, म्हणजे फिरून भिक्षा मागणारे. सगळे भटके त्या जुन्या यादीत नव्हते. पण ‘जो एका जागी राहत नाही, तो चोर असणार’ हा समज कायद्याने इतका पक्का केला, की त्याची सावली पालात राहणाऱ्या प्रत्येकावर पडली.

हा फक्त व्हॉट्सअॅपचा दोष आहे का?

नाही. वरूडपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नागपुरात मे २०१२ मध्ये घडलेली घटना बघा. कळमना भागात नाथजोगी समाजाच्या तीन बहुरूप्यांना चोर समजून जमावाने ठार मारलं. सोंग घेऊन चार पैसे मिळवणं हा त्यांचा पिढीजात धंदा होता. तेव्हा गावागावांत स्मार्टफोन नव्हते आणि अफवा तोंडोतोंडीच पसरायची.

फोनने वेग वाढवला, हे मात्र खरं. जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं लिहून यायला लागलं आणि एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ही मर्यादा एका चॅटवर आणली गेली.

तरीही १६ एप्रिल २०२० रोजी, लॉकडाऊनच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारलं. त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. या हत्येनंतर दुसरी लाट आली. घटनेला धार्मिक रंग देणारे मेसेज देशभर फिरले आणि तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांची यादीच जाहीर करावी लागली. एका अफवेने तिघांचा जीव घेतला, तर दुसरीने त्या मृत्यूचा वापर करून नवा राक्षस उभा करण्याचा प्रयत्न केला.

सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मारहाण झाली. ते रस्ता विचारत होते. सुदैवाने चौघे वाचले.

थोडक्यात, फॉरवर्डची मर्यादा पाच करा किंवा एक करा, मेसेज पोहोचण्याआधीच संशयित ठरलेला असेल, तर तेवढ्याने भागत नाही.

पण मुलं खरंच हरवतात, त्याचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. आई-वडिलांची भीती खोटी नसते आणि तिची टिंगल करून काही साधत नाही.

फक्त आकडे वाचताना एक गोष्ट माहीत हवी. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं गृहीत धरून तपास सुरू करायचा. आदेश अत्यंत योग्य होता, कारण आधी पोलीस ‘येईल परत’ म्हणून पालकांना माघारी पाठवायचे. पण याचा एक परिणाम असा, की घरातून रागावून निघून गेलेलं किंवा प्रेमप्रकरणातून पळालेलं अल्पवयीन मूलही कागदावर ‘अपहरण’ म्हणून दिसतं. हेच आकडे मेसेजमध्ये उचलले जातात आणि त्याखाली साधूचा फोटो चिकटवला जातो.

मुलांच्या तस्करीचा खरा धोका बहुतेकदा बाजारात भिक्षा मागणाऱ्या अनोळखी माणसाकडून येत नाही. तो कामाचं, लग्नाचं आमिष दाखवणाऱ्या, अनेकदा ओळखीच्याच माणसाकडून येतो. जमाव भिक्षेकऱ्याला घेरतो तेव्हा हा दुसरा माणूस कुणाच्या नजरेतच येत नाही.

आणि ज्यांच्यावर लेकरं पळवल्याचा संशय, त्यांच्या स्वतःच्या लेकरांचं काय? याच अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा आहे. फासेपारधी समाजातल्याच मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून भीक मागणाऱ्या मुलांसाठी ती उभी केली. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेच्या जागेवरही गदा आली. या मुलांची काळजी करणारा मेसेज मात्र फॅमिली ग्रुपवर क्वचितच येतो.

कायदा आज काय म्हणतो?

१७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळीबाबत सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला नोडल अधिकारी, तातडीने गुन्हा, शक्यतो सहा महिन्यांत खटल्याचा निकाल, पीडितांसाठी भरपाईची योजना आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई, असे त्याचे मुख्य मुद्दे आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. योगायोगाने ती राईनपाड्याचीच तारीख आहे. या संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. अफवा पसरवणं हाही कलम ३५३ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इथे एक अडचण आहे. ‘आम्ही जात पाहून मारलं नाही, चोर समजून मारलं,’ असा बचाव जमाव करू शकतो. मॉरल पॅनिक समजून घेण्याची गरज नेमकी इथे आहे. कारण चोर ‘समजणं’ हीच तर जातीची, वेशाची आणि फिरस्तीची गोष्ट असते.

दुसरी उणीव अॅट्रॉसिटी कायद्याची. तो अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळे त्यांना तो लागू होतो. पण गोसावी भटक्या जमातींच्या प्रवर्गात येतात. आरक्षणाच्या यादीत त्यांचं नाव आहे, अॅट्रॉसिटीच्या संरक्षणात नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर भिकू इदाते आयोगानेही भटक्या-विमुक्तांच्या स्थितीवर अहवाल दिले. संरक्षणाची ही मागणी मात्र अजूनही करावी लागते आहे.

एक आशादायक टप्पा ३ ऑक्टोबर २०२४ चा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातीवर आधारित कामवाटपाचे नियम रद्द केले. भटक्या-विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमावलीतल्या तरतुदीही त्यात रद्द झाल्या आणि विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे निर्देश पोलिसांना दिले गेले. १८७१ ची भाषा २०२४ पर्यंत सरकारी नियमांत जिवंत होती, हे यातून उघड झालं.

मालेगावात काय वेगळं घडलं?

आता पुन्हा १ जुलै २०१८ कडे येऊया. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातही पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. हे परभणी भागातून आलेलं गरीब कुटुंब होतं आणि त्यात दोन वर्षांचं मूलही होतं. संशय तोच, मुलं पळवणारी टोळी. जमाव शेकड्यांनी वाढत गेला.

फरक एकच पडला. एका स्थानिक माणसाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस येईपर्यंत ते दार उघडलं गेलं नाही. पोलिसांनी जमावाला तोंड देत पाचही जणांना सुखरूप बाहेर काढलं.

एकाच दिवशी, एकच अफवा आणि दोन्हीकडे पाच माणसं. एका गावात पाचही गेले, दुसऱ्या गावात पाचही वाचले. मालेगावातली अफवा कमी जहरी नव्हती. तिथे जमावापेक्षा वेगळा निर्णय घेणारा एक माणूस होता आणि पोलिसांना पोहोचायला वेळ मिळाला. झुंडीला थांबवायला अनेकदा फक्त हा वेळच लागतो.

तुमच्या गावात मेसेज आला तर?

- आधी ठिकाण आणि तारीख शोधा. ‘आपल्या भागात’, ‘काल रात्री’ असं लिहिलेलं असेल आणि गावाचं नाव, पोलीस ठाणं काहीच नसेल, तर मेसेज अफवेचा असण्याची शक्यता मोठी आहे.
- पुढे पाठवू नका. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी म्हणून पाठवतो’ हे वाक्यच अफवेला गावोगाव नेतं.
- कुणावर संशय आलाच तर ११२ वर फोन करा. मूल संकटात दिसलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. माणसाला अडवून, घेरून चौकशी करू नका.
- जमाव जमलाच तर त्या माणसाला बंद खोलीत, पण लोकांच्या ताब्यात नव्हे, तर एखाद्या जबाबदार माणसाच्या निगराणीत ठेवा आणि पोलिसांना बोलवा. राईनपाड्यातही खोली होती, पण दार जमावाच्या हातात होतं.
- ग्रुपचे अॅडमिन, पोलीस पाटील, सरपंच आणि शिक्षक यांनी पहिल्या तासात खुलासा टाकला, तर पुढचं बरंच काही टळतं.

वरूडला याच्याशी काय घेणं?

वरूडच्या रेल्वे स्टेशनच्या नावातच ‘ऑरेंज सिटी’ आहे. हा संत्रा तोडायला, पेट्यांत भरायला, विकत घ्यायला आणि देशभर पोहोचवायला बाहेरची माणसं लागतात. मध्य प्रदेशची सीमा जवळ असलेल्या या तालुक्याचं अर्थकारणच अनोळखी माणसांवर उभं आहे. आंबिया गेला की मृग बहार येतो आणि माणसांची ये-जा पुन्हा सुरू होते.

या अनोळखी माणसांतल्या काहींना आपण ‘व्यापारी’ म्हणतो, काहींना ‘मजूर’ आणि काहींना बघून लेकरांना घरात बोलावतो. तोडीला आलेल्या माणसांची टोळी कामाची असते, पालात उतरलेल्यांची टोळी संशयाची होते. दोन्हींत फरक करणारी नजर आपली स्वतःची नाही, ती १८७१ च्या नोंदवहीतून आली आहे.

ती नोंदवही १९५२ मध्ये सरकारने बंद केली. आता तिची पानं आपल्या फोनवर येतात. पुढच्या वेळी ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असं दिसेल, तेव्हा गावाबाहेरच्या पालातही लेकरं झोपलेली आहेत आणि त्यांच्या आईलाही भीती वाटते, एवढं आठवलं तरी बोट थांबेल.